काम करून दाखव

गेल्या हिवाळ्यात अमरावतीच्या डॉक्टरमंडळींनी माझा सत्कार केला. परिचय करून देणाऱ्या तरुण डॉक्टरने सांगितलं की, फुप्फुसाच्या अस्तराला होणारा दुर्मीळ कॅन्सर आपल्या वऱ्हाडात पहिल्यांदा ओळखला तो यांनी. टाळ्या झाल्या. मी मान लववून नारळ घेतला आणि घरी आलो. यापूर्वीही असं बरेचदा झालं आहे. कुणी खोदून विचारलंच तर 'जुनी गोष्ट आहे, जाऊ द्या' असं मी म्हणत असे आणि लोक त्याला माझा विनय समजत. विनय कसला? ती गोष्ट सांगायची मला भीती वाटत होती. आता बरोबरीचे सगळे गेले, भीती बाळगावी असं कुणी उरलं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

तो कॅन्सर ओळखला अकोल्याच्या एका एल.एम.पी. डॉक्टरांनी. एल.एम.पी. म्हणजे जुन्या वैद्यकशाळेतून परवाना घेऊन बाहेर पडलेले. आम्ही एम.बी.बी.एस. झालेली मंडळी त्यांना मनातल्या मनात अर्धे डॉक्टर समजत असू. त्यांचं नाव मी इथे देत नाही. त्यांच्या मुलीला परवानगी विचारली तेव्हा ती हसली. म्हणाली, "नका देऊ काका. छापलेलं नाव पाहायची बाबांना फार हौस होती. वर बसून सगळ्यांना बोलावून दाखवत बसतील, तिथलं कामकाज बंद पडेल."

हौस होती हे खरं. डॉक्टर अंगाने लहानसे होते, पण रुबाब मोठा. अकोल्याच्या वैशाखात, डांबर चपलेला चिकटतं तेव्हासुद्धा, ते कडक इस्त्रीचा कोट घालून निघत. सोबत सायकल असे. ती त्यांनी कधी चालवली नाही, कारण त्यांना चालवता येत नव्हती. पण डॉक्टरने पायी फिरणं त्यांना कमीपणाचं वाटे. म्हणून औषधांची पिशवी हँडलला अडकवून ते सायकल हातात धरून गावभर चालत. कुणी विचारलं तर म्हणत, "चेन पडली." मी त्यांना ओळखत होतो तेवढ्या सगळ्या वर्षांत ती चेन पडलेलीच होती. सायकलच्या दुकानवाल्याने एकदा आपणहून पुढे येऊन चेन तपासली आणि ती चांगली असल्याचं भर रस्त्यात जाहीर केलं. डॉक्टरांनी पुढे कित्येक महिने त्याला नमस्कार केला नाही.

नागपूरहून पदवी घेऊन मी अकोल्याला घरी परतलो तेव्हा पन्नास सालानंतरचं दशक संपत आलं होतं. सरकारी नोकरीचा हुकूम येईपर्यंत वेळ जावा म्हणून वडिलांनी मला या डॉक्टरांच्या दवाखान्यात बसवलं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी पदवी विचारून घेतली आणि त्यानंतर मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. "ओ एम.बी.बी.एस., ती खिडकी लावा." "काय एम.बी.बी.एस., चहा घेता काय?" रोगीही मला एमबीबीएसभाऊ म्हणू लागले. ते माझं आडनाव आहे अशी बऱ्याच जणांची समजूत होती.

दवाखाना कापूस बाजाराच्या रस्त्यावर होता. आत एक टेबल, एक बाक, पडद्यामागे बाटल्यांना मात्रांच्या कागदी पट्ट्या चिकटवणारे कंपाउंडर बब्बूभाई, आणि मधोमध बरीचशी मोकळी जागा. एवढी जागा रिकामी का, ते मला पहिल्या रोग्याच्या वेळी कळलं. शिंपी होता, गुडघा दुखत होता. डॉक्टरांनी गुडघ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "काम करून दाखव."

शिंप्याला बहुधा सवय असावी. तो स्टुलावर बसला, हवेतच मशीन चालवू लागला, हवेतच कापड सरकवू लागला. डॉक्टर त्याच्याभोवती फिरले, खाली वाकले, मग त्याच्या पायावर चापट मारून म्हणाले, "एकाच पायानं कायले मारतं? दुसरा पाय काय सासऱ्यानं देल्ला नाही?" मात्रा दिली, पण खरं औषध तेच होतं.

ही त्यांची तपासणीची रीत. दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला आपलं रोजचं काम करून दाखवावं लागे. सुतार हवा कापत, मास्तर भिंतीवर बोटाने गणितं सोडवत. एका हवालदाराला काम करून दाखव म्हटलं तेव्हा तो ताठ उभा राहिला आणि थोड्या वेळाने उभ्याउभ्या त्याचे डोळे मिटले. डॉक्टर हळूच म्हणाले, "पाठ याच्यानंच दुखते." एकदा एक शेतकरी बायकोला घेऊन आला. ती काहीच काम करत नाही, घरीच असते, तरी कंबर का दुखते, असं त्याचं म्हणणं. डॉक्टरांनी तिला घरी असणं करून दाखवायला सांगितलं. बाईने पहाटेच्या जात्यापासून सुरुवात केली. ती पाणी, शेण, भाकरी, निंदण करत दुपारपर्यंत आली तोवर डॉक्टरांचा चहा थंड झाला होता आणि बाकावरचे दोन रोगी कंटाळून निघून गेले होते. डॉक्टरांनी नवऱ्याला बोलावून म्हटलं, "आता तू करून दाखव." तो बिचारा बाहेर जाऊन बसला.

आता हेही लिहिलं पाहिजे की डॉक्टर पुष्कळदा साफ चुकत. एका पोस्टमनला चक्कर येई. लोकांची पोस्टकार्डं वाचत चालल्यामुळे ती येते असं त्यांनी ठामपणे सांगितलं. त्याला रक्त कमी होतं. सोनाराची कावीळ त्यांनी फुंकणीच्या माथी मारली. चूक दाखवली तर चिडत. "आज नसन निघालं, उद्या निघन," म्हणत आणि विषय बदलत. बरोबर असोत की चूक, त्यांचा आवाज तेवढाच मोठा असे. त्यामुळे पुढे त्यांचं खरं निदान मला ओळखता आलं नाही. हे कारण म्हणून सांगतो, सबब म्हणून नाही.

वर्ष-दीड वर्षाने मला अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली, छातीच्या विभागात. क्षयाची नवी औषधं आली होती, माणसं बरी होऊन घरी जात होती, आणि त्याचं सगळं श्रेय आपलंच असावं अशा थाटात आम्ही तरुण डॉक्टर व्हरांड्यातून चालत असू. क्ष-किरणांची फिल्म उजेडासमोर धरून दोन वाक्यांत निकाल सांगणं ही माझी खास शान होती.

तुळशीराम माझ्याकडे आला तो साठ सालानंतरच्या एका पावसाळ्यात. बाळापूरकडच्या एका गावाचा, पन्नाशीचा, हाडापेराने मजबूत माणूस. अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात उमेदीची वर्षं काढून गावी परतला होता. दम लागत होता, उजवी कूस दुखत होती, छातीत पाणी झालं होतं. मी फिल्म उजेडासमोर धरली आणि क्षय म्हणून सांगितलं. थुंकीत जंतू सापडले नाहीत, पण छातीत पाणी होणाऱ्या क्षयात ते बरेचदा सापडत नाहीत. सुया लिहून दिल्या, गोळ्या लिहून दिल्या, आणि त्याच्या बायकोला, सुभद्राबाईला, समोर उभं करून बजावलं. ताट वेगळं, अंथरूण वेगळं, लहान पोर जवळ फिरकू द्यायचं नाही.

घरात सुनेच्या कडेवर वर्षाची नात होती. त्या माणसांनी माझा शब्द अक्षरशः पाळला. शेताच्या कडेला, धुऱ्यावर, झोपडी घातली आणि तुळशीरामला तिथे ठेवलं. सुभद्राबाई दोन्ही वेळा ताट दाराशी ठेवून मागे सरे आणि दूर बसून तो जेवेपर्यंत त्याच्याशी बोले. नातीला सून बांधावरून दाखवी. तपासणीला आला की तुळशीराम दुखण्याबद्दल फारसं बोलत नसे. त्याचा प्रश्न एकच असे. "साहेब, घरात कवा जेवू देतीन?"

मी म्हणे, औषध लागू पडलं की लगेच.

ते लागू पडलं नाही. पाणी काढलं की पुन्हा भरे. थकून सुभद्राबाईने त्याला अकोल्याला आमच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे काय झालं ते मला पुढे बब्बूभाईंनी सांगितलं.

डॉक्टरांनी नेहमीचंच सांगितलं. तुळशीराम म्हणाला, "आता काय काम करतो साहेब, झोपडीत पडून राह्यतो." डॉक्टर म्हणाले, "आधी करत होता ते दाखव. कारखान्यातलं." सगळ्यांना वाटलं, आता हा रुई वेचेल, गठाण बांधेल. तुळशीराम उठला. त्याने हवेतल्या एका पोत्यातून काहीतरी घमेल्यात ओतलं आणि तोंड बाजूला फिरवलं. पाणी घातलं, हाताने कालवलं. मग लाडू वळावा तसा गोळा उचलला आणि समोरच्या कसल्यातरी गोल, मोठ्या वस्तूवर दोन्ही तळव्यांनी थापू लागला. वर थापलं, बगलेला थापलं, पोटाखाली वाकून थापलं. शेवटी डोक्याचा दुपट्टा सोडून जोरात झटकला आणि स्वतःच दोन पावलं मागे सरला.

डॉक्टर खुर्चीवरून उठले होते. "कोनाले थापटून राह्यला रे?"

"बॉयलरले साहेब. मी त्याचा लेप करे. पांढरा भुकटा राहे, तो कालवून बॉयलरले अन् वाफेच्या नळ्याइले थापाचा. लहान होतो तवापासून तेच करत होतो. रुईले मी कवा हात नाही लावला."

तो भुकटा म्हणजे अॅस्बेस्टॉस. डॉक्टर परदेशी वैद्यकीय मासिक मागवत. ते बोटीने महिनोन्महिने उशिरा येई आणि ते चहाच्या वेळी मोठ्याने वाचून बब्बूभाईंचा जीव नकोसा करत. अॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या आसपास राहिलेल्यांना फुप्फुसाच्या अस्तराचा एक विरळा कॅन्सर होतो, असं त्यात नुकतंच आलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे तुळशीरामच्या छातीतलं थोडं पाणी सुईने काढलं. ते मधासारखं चिकट होतं. बाटली घेऊन डॉक्टर थेट घरात गेले आणि स्वयंपाकघरात आपल्या बायकोसमोर, म्हणजे आमच्या काकूंसमोर, काचेच्या दोन कांड्यांनी त्या पाण्याची तार ओढून विचारलं, "पाह्य बरं, एकतारी हाय का दोनतारी?"

काकूंनी आधी बघितलं, एकतारी म्हणून सांगितलं, आणि मग हे काय आहे ते विचारलं. त्यानंतर त्या घरात वर्षभर पाकाचा कुठलाही पदार्थ झाला नाही. दिवाळी चिवड्यावर निभावली.

दसऱ्याच्या आधी डॉक्टर स्वतः अमरावतीला आले. मी व्हरांड्यात चार सहकाऱ्यांबरोबर उभा होतो. कोट, टोपी, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी बाटली काढली आणि सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात सांगितलं की तुळशीरामला क्षय नाही, अस्तराचा कॅन्सर आहे. छाती थोडी उघडून अस्तराचा तुकडा काढा आणि नागपूरला तपासायला पाठवा. मी विचारलं, कशावरून? त्यांनी बॉयलर थापून दाखवला. मग पाकाची गोष्ट सांगितली.

आम्ही हसलो. सगळ्यात मोठ्याने मी हसलो, कारण माणूस माझ्या ओळखीचा होता आणि मला त्याची लाज वाटत होती. मी म्हणालो, "डॉक्टर, हा दवाखाना आहे, हलवायाचं दुकान नाही."

ते रागावले नाहीत. नेहमी रागावत, त्या दिवशी नाही. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "एम.बी.बी.एस., तो वाचत नाही. हे मलेही माहीत आहे. पण क्षय नसन तर तो कोनाले लागत नाही. त्याले घरी जाऊ द्या. तुकडा तुमीच काढू शकता, मले तिथं कोनी उभं करत नाही."

मी पाहतो म्हणालो. आणि पाहिलं नाही. औषधं आणखी तीन महिने चालू ठेवा असं लिहून दिलं. 'एकतारी' हा आमच्या विभागात विनोद झाला. चहा आला की कुणीतरी विचारी, एकतारी का दोनतारी, आणि मी सगळ्यांच्या आधी हसे. डॉक्टरांची पोस्टकार्डं येत, एकाच ओळीची: 'तुकड्याचं काय झालं?' मी उत्तर देत नसे.

होळीच्या सुमाराला तुळशीराम पुन्हा आला. उजवी छाती आत ओढली गेली होती, खांदा उतरला होता. पाणी काढायला मी सुई घातली आणि ती जाईना. टायरच्या रबरात टोचावी तशी हाताला अडत होती. क्षयाच्या कितीतरी छात्यांत मी सुया घातल्या होत्या, असं कधी लागलं नव्हतं. तुळशीराम माझ्या तोंडाकडे पाहत होता. म्हणाला, "काय झालं साहेब, तुमालेच दम लागला."

त्याच आठवड्यात मी शल्यचिकित्सकांना गाठून तुकडा काढून घेतला. तुळशीराम झोपडीत परतल्यावर नागपूरहून निकाल आला. अस्तराचा कॅन्सर.

मी अकोल्याला तार केली. डॉक्टरांनी दवाखान्याला कुलूप लावलं, बब्बूभाईंना सोबत घेतलं, टांगा केला आणि सरळ धुऱ्यावरची झोपडी गाठली. तुळशीरामला उचलून टांग्यात घातलं, गल्लीत आणलं. लोक दारात उभे राहिले. क्षयाचा माणूस परत आणला म्हणून कुरकुर सुरू झाली. डॉक्टरांनी ओट्यावर बैठक मारली आणि सुभद्राबाईला एकच ताट वाढायला सांगितलं. त्या ताटात ते आणि तुळशीराम जेवले, सगळ्या गल्लीदेखत. आता सुभद्राबाईचा ठेचा म्हणजे काय चीज आहे हे डॉक्टरांना माहीत नव्हतं. दुसऱ्या घासाला त्यांना उचकी लागली, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. गल्लीतली एक म्हातारी म्हणाली, "पाह्य, डाक्टरले लागला रोग." उचक्या देत देत डॉक्टर ओरडले, "रोग नाही माय, मिरची हाय." गल्ली हसली. बब्बूभाई सांगत, "साब, क्या बोलू, उसी हसी में घर का दरवाजा खुल गया." नात दुडुदुडु चालत आली आणि तुळशीरामच्या मांडीवर चढली. तो कुणाच्याही तोंडाकडे न बघता तिला भाताचं शीत भरवत राहिला.

त्याला नाव सांगितलं होतं, शेवटही सांगितला होता. डॉक्टर रोग्याशी खोटं बोलत नसत. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे घरात जेवू शकतो न?" पेरणीच्या दिवसांत तो घरातच गेला.

त्याच वर्षी अमरावतीत डॉक्टरांची मोठी सभा भरली. नागपूरचे प्राध्यापक आले होते. ही केस मी मांडायची ठरलं. लिहून नेलेल्या पहिल्याच परिच्छेदात अकोल्याच्या डॉक्टरांचा उल्लेख होता. मी उभा राहिलो, समोर माझे सगळे वरिष्ठ, आणि शेवटच्या रांगेत कोट-टोपी घालून डॉक्टर. आपलं नाव ऐकायला आले होते, हे त्यांच्या बसण्यावरून कळत होतं. त्यांचं नाव घेतलं असतं तर पुढे विचारलं गेलं असतं की त्यांनी केव्हा सांगितलं. दसऱ्याआधी. आणि तुकडा केव्हा काढला? मी परिच्छेद गाळला. एका प्राध्यापकांनी विचारलंच की बॉयलरचा धागा पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आला. मी म्हणालो, "रोगी माझ्याकडे होता, सर."

यात एकही शब्द खोटा नाही. त्यावर माझी सगळी कीर्ती उभी आहे.

सभा सुटल्यावर डॉक्टर गर्दीतून वाट काढत आले. मी तयारीत होतो, ते ओरडतील, कोटाची बाही झटकतील. ते म्हणाले, "बोललात बरं. आवाज थोडा बारीक हाय तुमचा. पण एक राह्यलं, एम.बी.बी.एस. तो घरी जेवला, हे नाही सांगतलं तुमी. तेच तं सांगाचं होतं."

एवढं बोलून ते चहाकडे वळले. तिथे दोन तरुण डॉक्टरांना काहीतरी हवेत करून दाखवताना मी त्यांना लांबून पाहिलं.

पुढे काही वर्षांनी, मी विभागप्रमुख झाल्यावर, मनाचा हिय्या करून अकोल्याला गेलो. डॉक्टर थकले होते, पण कोट अंगात होता. मला पाहून त्यांना मनापासून आनंद झाला. बब्बूभाईंकडून भजी मागवली, रोग्यांना माझी ओळख करून दिली, "हा माहा पोरगा, अमरावतीत लय मोठा साहेब हाय," आणि मला जुन्याच स्टुलावर बसवून दुपारभर चार-पाच जणांचं काम-करून-दाखव बघायला लावलं. सुभद्राबाई मधून मधून येऊन जाते म्हणाले, नात शाळेत जायला लागली. मी त्यांचं बोलणं थांबायची वाट पाहत होतो. त्यांचं बोलणं थांबत नसे. मधे दोनदा थांबलं, तेव्हा मी भजी खाल्ली.

संध्याकाळी ते मला सोडायला पायरीपर्यंत आले. मी चपला घातल्या. वाक्य अगदी ओठांवर होतं. गाडीत बसून सगळ्या वाटेने ते पाठ केलं होतं.

मी म्हणालो, "येतो, डॉक्टर."

ते म्हणाले, "या. अन् लवकर या."

त्यानंतर मला ते दिसले नाहीत. वाक्य फार मोठं नव्हतं. डॉक्टर, तुम्ही दसऱ्याआधी सांगितलं होतं, मी होळीपर्यंत हसत बसलो, आणि तेवढे दिवस तुळशीराम एकटा जेवला. मला माफ करा.